मामाने टाळलेलं उदाहरण

सराव परीक्षेत बारकी गणितात नापास झाली, तेव्हा घरात कुणी आरडाओरडा केला नाही. तेच जास्त वाईट होतं. आईने उत्तरपत्रिका शिलाई मशीनवर ठेवली, हात फिरवून तिच्या घड्या सरळ केल्या आणि एवढंच म्हणाली, "गणितात अडकलं की शाळा तिथेच थांबते. माझी थांबली." मग पुन्हा पायडलवर पाय ठेवला.

बारकी ढ नव्हती. अंगाने काडी म्हणून तिला बारकी म्हणायचे, पण भाषेत आणि इतिहासात ती भल्याभल्यांना ऐकायची नाही. गणिताचा पेपर हातात पडला की मात्र तिच्या तोंडचं पाणी पळायचं. वाचलेलं, केलेलं सगळं डोक्यातून उडून जायचं. वडील मालवाहू जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. फोन लागला की ते म्हणायचे, "वर मामा बसलाय ना, मग कसली काळजी?"

मामा खरोखरच वर होता. त्याच इमारतीत, बरोबर त्यांच्या डोक्यावरच्या खोलीत. आईचा धाकटा भाऊ, एकटा जीव, दुसऱ्या एका शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवायचा. या भावंडांची आई लवकर गेली तेव्हा ताईनेच, म्हणजे बारकीच्या आईनेच, त्याला लहानाचा मोठा केला होता. आता कानावरचे केस पांढरे झाले तरी ती त्याला बाळ्या म्हणायची, आणि तोही ओ द्यायचा.

सराव परीक्षेचा निकाल कळला त्याच संध्याकाळी तो बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन खाली आला. आईच्या कापड बेतायच्या टेबलावर त्याने तो आपटला, तशी धूळ उडाली.

"पुस्तक मिटून ठेव," तो म्हणाला. "काठावर बसून कुणाला पोहता आलंय? पेपरात उडी मार. बुडायला लागलीस तर मी आहे."

मग रोज तेच. आई एका टोकाला कापड कापायची, दुसऱ्या टोकाला बारकी पेपर सोडवायची. मामा तिला पेपर कसा वाचायचा ते शिकवत होता. आधी सगळा पेपर बघून घ्यायचा, येणाऱ्याला खूण करायची, न येणाऱ्याशी भांडत बसायचं नाही. "प्रश्न काढणाराही माणूसच असतो गं," तो म्हणायचा. "दरवर्षी नवं कुठून आणणार? जुन्याच गड्याला नवा सदरा घालून उभा करतो. तू सदरा बघू नकोस, गडी ओळख."

आणि बारकीला गडी ओळखू यायला लागले. वर्गसमीकरण कुठल्याही वेषात आलं तरी ती त्याला पकडायची. भूमितीत अजून ठेचकाळायची, पण रडायची नाही.

असं चांगलं चाललं असताना मामा शाळेच्या कामासाठी म्हणून काही दिवस बाहेर गेला. परत आला तो निराळाच होऊन. पहिल्या संध्याकाळी खाली आला नाही, दुसऱ्या संध्याकाळीही नाही. बारकी गठ्ठा घेऊन वर गेली, तर दारातच म्हणाला, "आता तुझी तू सोडव. तुला जमतंय सगळं. मला कामं आहेत."

"मग अडलं तर?"

"तुमच्या शाळेतल्या बाईंना विचार."

बारकीला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. ती आपल्याच मनाने पेपर सोडवत राहिली आणि तिचं गणित पुन्हा मूळ पदावर आलं. वर मामाच्या पावलांचा आवाज यायचा. तो घरातच असायचा, कामंबिमं काही नव्हती.

आई हे सगळं बघत होती. एका दुपारी कापडावर खडूने रेघ मारता मारता ती एकदम थांबली.

"बारके, मामाला पेपर काढायला बोलावलं असणार."

"कुठला पेपर?"

"तुमचा. बोर्डाचा." आईने खडू खाली ठेवला. "नाहीतर इतके दिवस जीव तोडून शिकवणारा माणूस असा तोंडात गुळणी धरून बसेल? शपथ घ्यायला लावत असतील. घरी दारी अवाक्षर काढायचं नाही म्हणून."

आई तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात असं काही होतं की बारकीला उठून जावंसं वाटलं.

"तू त्याला पेपर विचारू नकोस," आई हळू आवाजात म्हणाली. "तो सांगणार नाही, आणि आपणही तसले नाही. तू फक्त जुने पेपर घेऊन जा. एकेक उदाहरण पुढे कर. कुठलं सोडवतो, कुठलं टाळतो, तेवढं बघ. बघायला कुठे बंदी आहे?"

"आई, हे बरोबर नाही."

"मग काय बरोबर? पुन्हा नापास होऊन या मशीनवर बसणं?" आईचा आवाज चढला नाही, चिरला. "मी आयुष्यात त्याच्याकडे काही मागितलं नाही. आत्ताही मागत नाहीये. उदाहरणं सोडवून दे म्हणून तू त्याला गळ घालायची, एवढंच. रड थोडी. तुझं रडणं त्याला बघवत नाही."

बारकी गेली. नको नको म्हणत गेली खरी, पण गेली. रडायचं सोंग तिला करावं लागलं नाही. जिन्यातच तिचे डोळे भरून आले होते.

मामाने दार उघडलं, तिचं तोंड पाहिलं आणि बाजूला झाला. "बस. थोडाच वेळ हं."

तिने गठ्ठ्यातला एक पेपर उघडला आणि विचारायला लागली. श्रेढीचं उदाहरण त्याने करून दाखवलं. मनोऱ्याच्या उंचीचंही. करता करता तो खुलला, जुना मामा झाला, तिच्या चुकीवर हसलासुद्धा. बारकीच्या मनात आलं, आई उगाचच काहीतरी. मामाकडे काही नाही.

मग तिने वर्तुळाचं उदाहरण पुढे केलं. बाहेरच्या एका बिंदूतून वर्तुळाला एक स्पर्शिका काढलेली, म्हणजे नुसती टेकून जाणारी रेषा, आणि दुसरी रेषा वर्तुळाला आरपार छेदून जाणारी. आतल्या जीवेची लांबी काढायची आणि मग त्रिज्या.

मामाची पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच राहिली.

"हे राहू दे," तो म्हणाला. "पुढचं विचार."

"पण मला हेच येत नाही."

"येत नसेल तर नसू दे." तो ताडकन उठला, खिडकीपाशी गेला. परत वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. बारकीने पटकन मान खाली घातली, पण उशीर झाला होता. तिला कळलं होतं, आणि तिला कळल्याचं त्यालाही कळलं होतं.

"जा आता," मामा म्हणाला. "ताई वाट बघत असेल."

खाली आई खरंच दारात उभी होती. "काय झालं?"

"काही नाही. सगळी सोडवून दिली त्याने." आईशी इतकं सरळ खोटं बारकी पहिल्यांदाच बोलली.

"एकही टाळलं नाही?"

"एकही नाही."

आई म्हणाली, "बरं." मशीन बराच वेळ सुरू झालं नाही.

त्या दिवसापासून बारकीची अवस्था धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी झाली. ते उदाहरण घोटून ठेवावं तर ती चोरी. सोडून द्यावं तर परीक्षेत आल्यावर हातचे गुण जाणार, आणि ते कशासाठी घालवले हे कुणाला सांगताही येणार नाही. गठ्ठ्यातला तो पेपर तिने सगळ्यात खाली सरकवला. तो खाली आहे हे तिला प्रत्येक पेपर उघडताना आठवायचं.

त्यातच तिची मैत्रीण अभ्यासाला यायला लागली. समोरच्या इमारतीतली, लांबलचक केसांमुळे सगळे तिला वेणी म्हणायचे. दोघींचं ठरलेलं होतं, गठ्ठा पहिल्यापासून शेवटपर्यंत संपवायचा, मधलं काही गाळायचं नाही. पेपर संपत आले आणि शेवटी तोही वर आला. वेणीने श्रेढी केली, मनोरा केला, आणि बोट वर्तुळावर ठेवलं.

"हे राहू दे," बारकी म्हणाली, आणि आपल्या तोंडून मामाचे शब्द आलेले ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

"का? आत्तापर्यंत तर एक सोडू दिलं नाहीस."

"असंच. अवघड आहे."

"अवघड आहे म्हणून तर करायचं." वेणीने डोळे बारीक केले. "तुझा मामा काही म्हणाला का?"

"मामाचा काय संबंध?" बारकी जरा जास्तच जोरात बोलली. मग वेणीची शंका जावी म्हणून तिने वही ओढली आणि उदाहरण सोडवायला घेतलं. पुस्तकातला नियम उघडून समोर ठेवला. स्पर्शिकेचा वर्ग म्हणजे छेदणाऱ्या रेषेचे दोन भाग गुणायचे. बाहेरचा तुकडा आणि अख्खी रेषा. अख्खी, नुसती आतली जीवा नव्हे. वेणी तिथे चुकली आणि बारकीने तिला सुधारलं. उत्तर बरोबर आलं.

"बघ, आलं की," वेणी म्हणाली. "उगाच घाबरतेस."

वेणी गेल्यावर बारकी तडक वर गेली. दार वाजवलं नाही, ढकललंच. मामा उत्तरपत्रिका तपासत बसला होता.

"मामा, मला कळलंय," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "आणि आता माझ्यामुळे वेणीनेही ते केलंय. मी आईला सांगितलं नाही. पण त्या दिवशी मी विचारायला आले नव्हते, बघायला आले होते."

मामाने पेनाचं टोपण लावलं. बारकीला वाटलं, आता बोलेल, रागावेल. तो बराच वेळ टोपणच चाचपत राहिला.

"ताईने पाठवलं होतं ना?"

बारकीने मान डोलावली.

"ती पाठवणार हे मला कळायला हवं होतं." तो उठला. "तू खाली जा. अभ्यास कर. आणि हे आता तुझ्या डोक्यावर नाही, माझ्या आहे."

दुसऱ्या दिवशी मामा शाळेत गेला नाही. इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच बाहेर पडला तो दिवेलागणीला परत आला. त्याची पावलं जिन्यात वाजली, तेव्हा आई आणि बारकी दोघींनी कान टवकारले. पावलं वर गेली नाहीत. त्यांच्याच दारापाशी थांबली.

मामा आत आला, टेबलावरचं कापड बाजूला सारलं, खुर्ची ओढून बसला. चेहरा ओढलेला होता.

"आण तो गठ्ठा," तो बारकीला म्हणाला. "काय हवं ते विचार. आता मला काही माहीत नाही."

आईच्या हातातली कात्री थांबली. "म्हणजे काय? काय केलंस तू बाळ्या?"

"बोर्डात जाऊन सांगून आलो. म्हटलं, माझी भाची याच वर्षी परीक्षेला आहे, आणि माझ्या पेपरातलं एक उदाहरण घरात फुटलंय. त्यांच्याकडे प्रश्नपत्रिकांचे आणखी संच तयार असतात. माझा रद्द केला."

"आणि तुला?"

"मलाही रद्द केलं," मामा म्हणाला. "पुन्हा बोलावणार नाहीत. शाळेलाही कळवणार आहेत."

आईने कात्री खाली ठेवली आणि ती मशीनपाशी बसली. "मी काही तुझा पेपर मागितला नव्हता रे. नुसतं बघ म्हटलं होतं पोरीला."

"माहीत आहे मला." त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "पण तुझ्यावर कशाला ढकलू? बोलावलं तेव्हा विचारलं होतं, मुलगा-मुलगी, सख्खं भावंड कुणी परीक्षेला आहे का? भाचीचं कुणी विचारलं नाही. मग मीही बोललो नाही. मान मिळत होता ना, ताई. इतक्या वर्षांनी कुणीतरी बोलावलं होतं."

आई उठली, आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बारकीने गठ्ठा आणला. दोघं पेपर सोडवायला बसली. मामा तिला एकदाही रागे भरला नाही, आणि तेच तिला सहन होईना.

परीक्षेच्या दिवशी पेपर हातात आला तेव्हा तिने आधी तो सगळा वाचला, येणाऱ्याला खुणा केल्या. वर्तुळाचा प्रश्न होता, पण भलताच, स्पर्शिकेचा त्यात मागमूस नव्हता. तिच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की क्षणभर तिला रडूच आलं. पर्यवेक्षक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "काय गं, अवघड आहे?" ती म्हणाली, "नाही बाई," आणि लिहायला लागली.

बाहेर आल्यावर वेणी कुरकुरत होती. घोटून घोटून केलेलं नेमकं आलं नाही म्हणत होती. बारकी तिच्याबरोबर चालत राहिली. तिने वेणीला काही सांगितलं नाही, पुढेही कधी नाही.

बारकी पास झाली. गुण बरे मिळाले, फार मोठे नाहीत. शाळेत मामाचे वरचे वर्ग काढून घेतले आणि त्याला लहान मुलांच्या वर्गावर घातलं. शिक्षकांच्या खोलीत कुणी त्याच्याशी बोलायचं, कुणी बोलायचं नाही. त्याने पेपर विकला, असंही काहीजण म्हणत होते, आणि तो कुणाला समजावत बसला नाही.

निकालाच्या दिवशी आई पहिल्यांदा आपण होऊन वर गेली. इतके दिवस तिला त्याच्याकडे धड बघताही येत नव्हतं. बारकी जिन्यात उभी राहिली.

"पास झाली," आतून आईचा आवाज आला.

"कळलं मला."

"तुझं नुकसान केलं मी, बाळ्या. मोठी असून."

खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाला, "उभी का? बस ना. लहान पोरांना अपूर्णांक शिकवायचेत मला, आणि अर्धा आणि पाव यांची बेरीज कशी समजवायची तेच सुचत नाहीये. तू रोज कापड बेततेस. सांग बरं, तू कशी करतेस?"

आईने नाक ओढलं. "आधी कागद दे," ती म्हणाली. "तोंडी नाही जमत मला."

बारकी जिना उतरून खाली आली आणि तिने दोघांसाठी चहा टाकला.