ताईला न म्हणवलेला शब्द

बॉयलर इन्स्पेक्टरच्या भाचीला सातव्या वर्षी रक्ताचा आजार झाला आणि अकरा महिन्यांत ती गेली. त्यानंतर तो रोज कामावरून थेट तिच्या आईकडे, म्हणजे ताईकडे, जायला लागला. ताई शिलाई मशीनवर बसलेली असायची. गिऱ्हाइकांचे कपडे तुंबले होते. तो समोरच्या खुर्चीत बसून तोच विषय काढायचा.

"बॉयलर फुटला की मी मालकाला विचारतो, व्हॉल्व्ह का तपासला नाहीस? 'त्यात माझा काही मोठा हेतू होता' असं तो म्हणाला, तर मी सोडीन त्याला?"

"देव म्हणजे कारखान्याचा मालक नव्हे," ताई सुईत दोरा ओवत म्हणाली. "त्याला जाब विचारणारे आपण कोण? आपली अक्कल ती केवढी."

"मग दयाळू तरी कशाच्या जोरावर म्हणतेस त्याला? चांगलं म्हणायला अक्कल पुरते आणि वाईट म्हणायला कमी पडते?"

ताईने मशीन थांबवलं. "तू तर देव मानतच नाहीस. मग एवढा चिडतोस कोणावर?"

तो उठून निघाला. जिना उतरताना तो स्वतःवरच वैतागला. वीस वर्षं स्फोटाचे ढिगारे उपसून दोषी शोधण्यात गेली होती. इथे आरोपी हजर नव्हता, आणि जिचं नुकसान झालं तीच त्याची वकिली करत होती.

रविवारी भावजींना बरं नव्हतं, म्हणून प्रार्थनेला तो ताईबरोबर गेला. पुढे उभं राहून ओळी सांगायची पाळी त्या दिवशी ताईची होती. ती एक ओळ म्हणायची, मागून सगळे तीच म्हणायचे.

"तू सर्व जाणतोस," ताई म्हणाली. सगळे म्हणाले.

"तू…" ताई थांबली. विसरली असेल असं वाटून पहिल्या रांगेतल्या आजोबांनी हळूच शब्द पुरवला, "दयाळू आहेस."

"आठवतंय," ताई म्हणाली. "म्हणवत नाही."

ती खाली येऊन बसली. उरलेल्या ओळी दुसऱ्या कुणीतरी सांगितल्या.

परतताना खरं तर त्याला बरं वाटायला हवं होतं. पण तो म्हणाला, "म्हणून टाकायचं होतंस गं."

"महिनाभर तू हेच तर सांगत होतास."

"मी सांगणारच. तू ऐकायचं नव्हतंस."

"तुझं ऐकून नाही थांबले मी." ताई चालता चालता बोलत होती. "पोरगी विचारायची, दयाळू म्हणजे काय? मी सांगायचे, ज्याला दुसऱ्याचं दुखणं बघवत नाही तो. आज ते आठवलं आणि जीभ उचलेना."

"मग आता जाणार नाहीस ना?"

"जाणार. तिथेच उभी राहून तो शब्द गाळणार. घरी बसले तर त्याला कळायचं कसं?"

"याला काय अर्थ आहे?"

"मला कुठे माहीत आहे," ताई म्हणाली आणि दार उघडून आत गेली.

तो बसस्टॉपवर आला. कुणावर तरी, कशावरून तरी ओरडावं असं त्याला फार वाटत होतं. पण बस वेळेवर आली, आणि कंडक्टरही नीट बोलला.