रुद्रप्पाचा पंख

"सर, परत मोडली," शेवटच्या वर्षाची सृष्टी काचेला डोळा लावून म्हणाली.

धुराची पांढरी रेघ पंखावर चढली होती आणि पाव अंतरातच विस्कटली होती. ती निम्म्यापर्यंत सरळ जायला हवी होती.

सोलापुरातल्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजचा विंड टनेल म्हणजे एक लांबलचक पेटी. एका तोंडाने हवा आत येते, मध्ये विमानाचा छोटा पंख, मागच्या टोकाला हवा ओढणारा फॅन. हवेची वाट दिसावी म्हणून तिच्यात धूर सोडायचा आणि मधल्या काचेतून बघायचं. पंख सागवानी होता. तो प्रयोगशाळेचा सुतार रुद्रप्पा याने हाताने घासला होता.

"पृष्ठभाग खडबडीत असणार," पुण्याहून आलेले परीक्षक म्हणाले. "मशीनवर कापलेले पंख मागवा."

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या गुरुशांत सरांनी मान डोलावली. मागणीपत्र टेबलावर तयारच होतं. सही झाली की रुद्रप्पाचं सुतारकाम बंद होऊन त्याला लायब्ररीत शिपाई नेमणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मामा, पॉलिश कमी पडलं का?" सृष्टीने रुद्रप्पाला हळूच विचारलं.

"तुज्या गालावर खड्डा सापडंल बाय, हितं न्हाय सापडायचा."

तो हवेच्या तोंडाशी गेला आणि त्याने पुन्हा बटण दाबलं. तेव्हा मानेवर गार झोत आदळला. एकोणीस वर्षं तो याच जागी उभा राहत आला होता. इथली हवा कानाजवळून गुपचूप आत सरकते, आदळत नाही. त्याने मागे पाहिलं. कूलर. पाहुण्यांना उकडू नये म्हणून सकाळी त्यानेच स्टाफरूममधून ओढत आणलेला.

"सर, चूक माजी हाय," तो म्हणाला. "कूलरचं वारं घुसळत आत शिरतंय. पंखाचा दोष न्हाय."

"तोंडाशी जाळ्या आहेत की," सर म्हणाले.

"बारीकसारीक वारं निवळतंय जाळ्यांनी. असला दणका न्हाय."

बाहेर बेचाळीस अंश होतं. सर पाहुण्यांकडे बघत राहिले. रुद्रप्पाने प्लग उपसला, दारं लावली. "वारं बसाय पाच मिनटं लागत्यात."

परीक्षकांनी वारा घ्यायला फाईल उचलली. रुद्रप्पाने नुसतं पाहिलं. त्यांनी ती खाली ठेवली.

पाच मिनिटांनी रेघ निम्म्याच्या पुढे सरळ गेली. कूलर लावला, पावावर मोडली. बंद केला, पुन्हा सरळ.

"आकाशातही हेच होतं," परीक्षक घाम पुसत सृष्टीला म्हणाले. "पंख कितीही गुळगुळीत असू दे, समोरून येणारी हवाच खवळलेली असली तर त्यावरचा शांत प्रवाह लवकर मोडतो. कूलर कमीजास्त करून मोजा. तुमचा प्रोजेक्ट हाच."

गुरुशांत सरांनी मागणीपत्राची घडी घालून ते खिशात टाकलं. "पुढचा पंख कधी देताय, रुद्रप्पा?"

"लाकूड बघावं लागंल."

"मामा, बटण मी दाबते," सृष्टी म्हणाली. "तुम्ही इकडं या."

चाळीसेक पंख घासले असतील त्याने. एकाही पंखावरून धूर जाताना पाहिला नव्हता; बटण टनेलच्या तोंडाशी, काच मध्यावर. पँटला हात पुसून तो काचेशी वाकला. रेघ आली, पंखाच्या पाठीला लागून पुढे गेली.

बराच वेळ तो वाकूनच होता. पाठीला शर्ट चिकटलेल्या परीक्षकांनी आपलं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.