बिनचाकूचं ऑपरेशन

पेठ वडगावबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बोटेबाबा चाकू न लावता नुसत्या बोटांनी पोटातली गाठ काढतो, ही बातमी पार कागलपर्यंत गेली होती.

झुंबरबाई नवऱ्याला, भाऊसोंना, हाताला धरून घेऊन आल्या होत्या. भाऊसोंच्या पोटात आतड्यांच्या मागं नारळाएवढी गाठ होती. लाखात एखाद्याला होणारा कर्करोग. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "आधी पंचवीस दिवस लाईट देऊ, म्हणजे मशीनमधून किरण सोडू, मग ऑपरेशन करू. गाठ काढताना कडेला एखादा कण राहिला तर ती पुन्हा वाढते. म्हणून आधी त्या कडा लाईटनं मारायच्या."

नऊ दिवस झाले. अन्न जाईना, गाठ हाताला होती तशीच लागे. दहाव्या दिवशी भाऊसो म्हणाले, "मी येत न्हाय. मरायचंच हाय तर घरात मरतो." मग झुंबरबाईंचाही धीर सुटला.

बाबानं भाऊसोंचा सदरा वर केला. पोटावर दवाखान्यातल्या जांभळ्या शाईच्या रेघा होत्या. लाईट नेमका कुठं द्यायचा, त्याची ती खूण.

"यमाची सही हाय ही," बाबा म्हणाला. त्यानं हळदीच्या पाण्यानं चोळून रेघा पुसल्या. मग ओल्या कापसाचा बोळा ठेवून बोटं रुतवली. पोट लालभडक झालं. गर्दीनं हात जोडले. बाबानं लिबलिबीत गोळा बाहेर काढून झुंबरबाईंच्या हातात दिलेल्या ताटलीत टाकला.

"बघायचं न्हाय, मावशी. सरळ अग्नीला द्या. शंका घेतली की गाठ परत शिरती."

"गेली न्हवं, झुंबर?" भाऊसो रडत हसत होते. दोन महिन्यांत ते पहिल्यांदाच हसले होते.

पण झुंबरबाईंनी ताटलीत बघितलं. चाळीस वर्षं घरची कोंबडी त्यांनीच साफ केली होती. गोळ्याच्या कडेला हिरवा डाग होता.

त्यांना वाटलं, गप्प बसावं. ह्या माणसाचं हसू कशाला मोडायचं? पण गप्प बसलं तर उद्या तो दवाखान्याची पायरी चढणार नाही.

"अहो, तुमच्या हातानं पोट चाचपा," त्या म्हणाल्या.

भाऊसोंनी चाचपलं. नारळ जागेवरच होता. त्यांचा हात तिथंच राहिला.

"बाबा, ही कोंबडीची कलेजी हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "काढताना पित्त फुटलंय, त्याचा हा डाग."

बाबा ओरडला, "देवाची परीक्षा घेतीस व्हय?"

"देवाची न्हाय, तुझी." त्यांनी बोळा उचलून पिळला. पांढरं पाणी गळालं, बोटं चुन्यानं चरचरली. "हळदीला चुना लागला की लाल हुतंय. कुकू असंच करत्यात. बोटं आत गेलीच न्हाईत, बोळ्याआड दुमडली हुती. अन् कलेजी बोळ्यातच हुती."

मागून गर्दीतले एक पाहुणे म्हणाले, "आमच्या म्हातारीच्या गाठीलाबी असाच हिरवा डाग हुता की." मग गर्दीचा सूरच बदलला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मोजमाप घेऊन रेघा आखल्या. मधले चार दिवस वाया गेले होते.

"मी बरा हुईन का?" भाऊसोंनी विचारलं.

"खात्री देत नाही. पण उरलेले सोळा दिवस बुडवले नाहीत, तर ऑपरेशनला उपयोग होईल."

भाऊसो मशीनखाली झोपले.

खात्री देत नाही, असं सांगणाऱ्या डॉक्टरवर घाबरलेल्या माणसाला राग येतो आणि खात्री देणारा बाबा गोड वाटतो. अशा वेळी एवढंच करावं. गाठ निघाली म्हणतात ना, मग आधी पोट चाचपून बघावं. खरं असेल ते आपल्या हाताला लागेल.