ताईने मान हलवली

ताईने ट्रायल रूमचा पडदा ओढून घेतला, तीन-चार टाचण्या ओठांत धरल्या आणि कोटाचा घेर दुमडायला गुडघ्यांवर बसली. समोरच्या आरशात रोपवालीने नकाब उचलून डोक्यावरून मागे टाकला, हुश्श केलं आणि बोलायला लागली.

"या उन्हात सगळा पालक करपला बघा."

ताईने टाचण्या हातात काढून घेतल्या. "मालक करपला? कधी?"

रोपवाली क्षणभर आरशातूनच तिच्याकडे बघत राहिली आणि मग पोट धरून हसली. "पालक, ताई, पालक! मालक कसला करपतोय? तो पंख्याखालून हलेल तर ना."

ताईलाही हसू आवरेना. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, त्याला कोण काय करणार? लहानपणी एका तापात तिचे कान गेले, तेव्हापासून जग तिला लोकांच्या ओठांवरूनच कळत आलं होतं. ओठ कधी कधी असे तोंडघशी पाडत.

ही बाई पहिल्यांदा दुकानात आली, तेव्हा काउंटर सांभाळणारी ताईची धाकटी बहीण नेमकी बाहेर गेलेली होती. काळ्या कापडामागून बाई काहीतरी सांगत होती आणि ताई भिंतीकडे पाहावं तशी पाहत होती. मला ऐकू येत नाही, असं ताईने सांगितल्यावर बाईने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा ताईकडे पाहिलं आणि सरळ ट्रायल रूममध्ये शिरून पडद्याबाहेर हात काढून तिला आत बोलावलं. आत नकाब वर होता. गोल चेहरा, पुढच्या दोन दातांत फट, आणि तोंडाच्या आधी भुवयाच बोलायला लागणाऱ्या. "आता सांगू?" तिने विचारलं होतं. तेव्हापासून हे असंच चाललं होतं. ताईला बहिरी म्हणून लोक तोंडं वेंगाडून बोलत, त्याने उलट काहीच कळत नसे. ही नेहमीसारखी बोले आणि अक्षर न् अक्षर कळे. रस्त्याच्या टोकाच्या रोपवाटिकेत ती कामाला होती, नखांत कायम माती. म्हणून बहिणींमध्ये तिचं नाव पडलं रोपवाली.

भिंतीवरचा लाल दिवा लुकलुकला. दुकानात कोणी आलं की तो लागायचा. रोपवालीने नकाब खाली घेतला, कोट काढून ताईच्या हातात दिला आणि "पुढच्या आठवड्यात येते" अशी बोटांनी खूण करून निघाली.

बाहेर मास्तर उभे होते. त्यांनी बाजूला होऊन रोपवालीला वाट दिली, थोडी जास्तच.

मास्तरांना नाही म्हणणं ताईला आजवर जमलं नव्हतं. तिचे कान गेले आणि शाळेतून नाव काढायची वेळ आली, तेव्हा यांनीच तिला पहिल्या बाकावर बसवलं. फळ्याकडे तोंड करून ते वर्षभर एक वाक्य बोलले नाहीत. आधी लिहायचे, मग वळायचे, मग बोलायचे. दुकानाला हा गाळा त्यांनीच मिळवून दिला, तो लाल दिवाही त्यांनीच स्वतः स्टुलावर चढून बसवला. फक्त शाळेत असताना त्यांना मिशा नव्हत्या. निवृत्तीनंतर त्यांनी त्या अशा काही राखल्या होत्या की वरचा ओठ बेपत्ता झाला होता, आणि आताशा त्यांचं निम्मं बोलणं धाकटीलाच परत सांगावं लागे.

"शनिवारी सभागृहात बैठक आहे," धाकटी एकेक वाक्य सांगत गेली. "सार्वजनिक जागी चेहरा झाकायला बंदी, असा कायदा येतोय. वरून प्रत्येक वस्तीचं मत मागवलंय. मास्तर म्हणतात, तू बोल."

"मी?"

मास्तर पुढे झुकले. हे वाक्य त्यांनी इतकं सावकाश म्हटलं की मिशांतूनही कळलं. "आम्ही बोललो तर लोक म्हणतील, यांच्या मनात मुसलमानांचा राग आहे. तू बोललीस तर तसं कोण म्हणेल? तुला चेहरा दिसायलाच हवा. खोटं आहे का हे?"

खोटं नव्हतं. तीच तर पंचाईत होती.

आई दवाखान्यात होती तेव्हा दोन डॉक्टर आणि एक नर्स, तिघंही तोंडाला मास्क लावून, पलंगाच्या पलीकडे बोलत होते. ताई एकाच्या डोळ्यांकडून दुसऱ्याच्या डोळ्यांकडे बघत होती. त्यातले एक डोळे हसरे वाटले म्हणून तिला जरा धीर आला. आई गेल्याचं खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. तिला कळलं ते धाकटीने गळ्यात पडून हंबरडा फोडल्यावर. तेव्हापासून झाकलेलं तोंड दिसलं की तिला तोच पलंग आठवायचा. मास्क असो, मफलर असो की नकाब.

"बोलेन," ती म्हणाली.

मास्तर गेल्यावर धाकटीने कात्री टेबलावर ठेवली. "तोंड दिसायलाच हवं ना? मग आधी मास्तरांच्या मिशांवर बंदी आणा म्हणावं."

ताई हसली, पण नंतर मशीनवर बसली तेव्हा तिने डावी बाही उजव्या खांद्याला जोडली. ती उसवली, पुन्हा जोडली, आणि पाहते तर आता अस्तर उलटं. पुढचे दिवस तिचे हे असेच गेले. खिडकी उघड, लाव, पुन्हा उघड. आरशासमोर उभी राहून ती भाषण म्हणून बघायची, स्वतःच्याच ओठांवर वाचायची. रोपवालीविषयी सांगावं का? सांगितलं तर लोक म्हणतील, दुकानात उचलतेस तर मग आमच्यासमोर का नाही? तिचं तिच्यापाशी राहिलेलं बरं. हे कारण ताईला पटलेलं होतं. तरीही ते तिने स्वतःला दिवसातून इतक्यांदा का सांगावं, हे काही तिला उमगत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी सभागृह भरलं होतं. मास्तरांनी तिला पहिल्या रांगेत, व्यासपीठासमोर बसवलं. सवयच ती. ताईचं नाव पुकारलं गेलं तेव्हा शेजारून मास्तरांनी खूण केली.

ताई बोलली. आपला आवाज कसा निघतो हे तिला कधीच माहीत नसायचं. लोक आधी दचकतात आणि मग दचकलो नाही असं दाखवतात, एवढं माहीत होतं. तिने आईचं सांगितलं. बँकेतलं, बसमधलं सांगितलं. "झाकलेल्या तोंडाचं माणूस माझ्याशी बोलतं, तेव्हा माझ्यासाठी ते बंद दार असतं," ती म्हणाली. "मला माणसं दिसायला हवीत. एवढंच मागणं आहे." पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले. मग सगळीकडे हातांवर हात आपटताना दिसले. ताई खाली येऊन बसली.

थोड्या वेळाने सगळ्यांच्या माना मागे वळल्या, म्हणून तीही वळली. शेवटच्या रांगेत रोपवाली उभी होती. कोणीतरी तिच्या हातात माइक दिला होता. नकाबाचं कापड तोंडापाशी आत जात होतं, बाहेर येत होतं. डोळे थेट ताईवर होते. ताई जिवाच्या आकांताने बघत होती, पण कापडावर काय वाचणार? धाकटी त्याच रांगेत टोकाला, मास्तरांच्या पलीकडे, तीही मागे वळलेली; तिचं तोंड ताईला दिसत नव्हतं.

मग कापड हलायचं थांबलं. आणि सबंध सभागृहाचे चेहरे एका झटक्यात ताईकडे वळले.

कोणीतरी काहीतरी विचारलं असावं. मास्तरांच्या मिशा हलल्या. सगळे थांबले होते, तिच्यासाठी थांबले होते. तिने मान हलवली. नाही. नाही कळलं.

काही लोक हसले. कोणी टाळी वाजवली. रोपवालीने माइक शेजारच्याला दिला आणि ती दाराकडे चालू लागली.

"काय म्हणाली ती?" ताईने मास्तरांना विचारलं.

"काही नाही गं. भावनेच्या भरात बोलली."

पायऱ्यांवर भेटलेल्या एका ओळखीच्या बाईने सांगितलं, "केवढी चिडली होती!" धाकटी मात्र पुढेच चालत राहिली. घराच्या कोपऱ्यावर एका दुकानाच्या उजेडात ताईने तिला खांदा धरून थांबवलं.

धाकटीने उजेडाकडे तोंड केलं. "ती म्हणाली, ताईंचं दुःख खरं आहे. पण मी बंद दार नाही. त्यांना माझं सगळं बोलणं कळतं. त्यांनी मला सांगितलं आणि मी दार उघडलं, त्यासाठी कायदा लागला नाही." तिने खांद्यावरचा ताईचा हात काढून आपल्या हातात घेतला. "म्हणाली, खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा. मास्तरांनी विचारलं, खरं का गं हे? आणि तू मान हलवलीस. नाही म्हणून."

"मला कळलंच नव्हतं!"

"ते मला माहीत आहे," धाकटी म्हणाली. "तिथे कोणाला माहीत होतं?"

पुढच्या आठवड्यात रोपवाली आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ताईने मास्तरांना गाठून सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले, त्यांचे डोळे कसनुसे झाले, आणि म्हणाले ते धाकटीने सांगितलं, "मत वर कळवून झालं, पोरी. एका मानेने काही फरक पडला नसता." ते कदाचित खरंही असेल. हिवाळ्याच्या तोंडावर कायदा झाला. दुकानात येणाऱ्या दोन-चार बायका उघड्या चेहऱ्याने यायला लागल्या, त्यांच्याशी बोलणं ताईला सोपं गेलं. बाकीच्या यायच्याच बंद झाल्या. ताई रोपवाटिकेत चौकशीला गेली, तर मालक पंख्याखाली बसूनच म्हणाला, "सोडलं तिने काम. हाताला गुण होता बाईच्या."

शेवटी ताईने तो कोट इस्त्री करून पिशवीत घातला आणि धाकटीच्या ऑर्डरवहीतून पत्ता घेऊन एकटीच निघाली.

तिसऱ्या मजल्यावरचं दार आधी फटीएवढंच उघडलं, मग पुरतं उघडलं. रोपवालीने तिला हाताला धरून आत घेतलं आणि दार लावलं. केस वर बांधलेले, चेहरा उघडा. खिडकीत कापलेल्या बाटल्यांमधून रोपं लावलेली, इतकी की उजेड हिरवा होऊन आत येत होता.

"त्या दिवशी मी नाही म्हटलं नव्हतं," ताई उभ्याउभ्याच म्हणाली. "मला कळलं नाही, असं म्हटलं होतं."

"माहीत आहे."

"मग आला का नाहीत?"

रोपवालीने पिशवीतून कोट काढला, घेराच्या शिलाईवरून अंगठा फिरवला. मग चेहरा वर करून, ताईला दिसेल असा धरून ती बोलली.

"बोलून झाल्यावर लक्षात आलं, तुम्हाला नुसतं कापड दिसत असणार. माझा हात इथवर गेला होता." तिने हनुवटीखाली बोटं टेकवली. "नकाब उचलला असता तर तुम्हाला कळलं असतं, आणि मास्तर जिंकले असते. नाही उचलला, तरी तेच जिंकले." ती हसली, पण भुवया जागच्या हलल्या नाहीत. "लोकांना वाटतं, नवऱ्याने कोंडून ठेवलीय. तो बिचारा रोज सांगतो, काढ आणि कामावर जा. मुलगीही तेच सांगते. मलाच नाही जमत. रस्त्यावर उघड्या तोंडाने जायचं म्हणजे… कसं सांगू?"

ताईने तिच्या हातातला कोट उलगडून धरला. "कोट घालून तर बघा," ती म्हणाली.

"घरात कोट घालून मिरवू?"

तरी तिने तो घातला. ताई गुडघ्यांवर बसली, घेर सगळीकडून सारखा आहे का ते पाहायला लागली. एका बाजूला सुतभर उतरला होता. तिने पदराची टाचणी काढून तिथे लावली. खांद्यावर थाप पडली तेव्हा तिने वर पाहिलं.

"बाहेर काय चाललंय?"

आपण चुकीचं वाचलं असं ताईला वाटलं. "कुठे?"

"बाहेर. रस्त्यावर. नवरा सगळं ठीक आहे म्हणतो, मुलीचं डोकं मोबाइलमध्ये. लोक काय बोलतात, कशावर हसतात, मला काही कळत नाही हो. तुम्ही सांगा ना."

मला विचारता, असं ताईच्या ओठांवर आलं होतं. ते तिने तिथेच ठेवलं. गुडघ्यांवरून उठून ती खुर्चीवर बसली आणि आठवेल तसं सांगायला लागली. चौकातला रस्ता खणून ठेवलाय, त्यावरून रोज दोन माणसं भांडतात. रोपवाटिकेत तुमच्या जागी नवीन मुलगी आलीय, पाणी फार घालते. बसथांब्यावर एक म्हातारा-म्हातारी बसतात, त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, पण उठताना एकमेकांचा हात धरतात.

"आणि?" रोपवाली म्हणाली.

ती कोट न काढताच समोर येऊन बसली होती. एकही शब्द निसटू नये अशी, पापणी न हलवता, ती ताईच्या ओठांकडे बघत होती.