मागच्या चाकाचा इशारा

भावसिंगच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. दिवाळीच्या सुमारास ते आलं. नंतर कापसाचा हंगाम अर्धा सरला, तरी ते माझ्या उशाजवळच्या पुस्तकांत तसंच होतं.

बोरी अरबजवळच्या तांड्यावरून त्याने लिहिलं होतं, "राजकुमारने ट्रक घेतला. प्रत्येक चाकात हवा मोजणारं सेन्सर आहे. कोणत्या चाकात हवा कमी झाली ते केबिनमधल्या पडद्यावर दिसतं. टायर सारखे झिजावेत म्हणून पोरगं मागची चाकं पुढे आणि पुढची मागे लावतं. तेव्हा या सेन्सरचं काय करायचं ते पुस्तकात आहे, पण पुस्तक इंग्रजी आहे. तू वाच आणि मराठीत चार ओळी लिहून दे, तो केबिनमध्ये चिकटवेल. फोनवर तू नुसता हो हो करतोस, म्हणून पत्र लिहितो." सोबत पुस्तकातल्या पानांच्या झेरॉक्स होत्या.

भावसिंग आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. तो शेतीत राहिला. मी दिग्रसच्या वाचनालयात नोकरी केली, तिथूनच निवृत्त झालो. त्यामुळे जगातलं कोणतंही इंग्रजी मला कळतं असा त्याचा समज आहे.

पानं मी पुन्हा पुन्हा वाचली. सेन्सर चाकाच्या आत असतं, म्हणजे चाकाबरोबर तेही नव्या जागी जातं, इथवर कळलं. पुढे दोन प्रकार दिले होते. काही गाड्यांत थोडं अंतर चाललं की यंत्र नव्या जागा आपोआप ओळखतं. काहींत त्या हाताने भरून द्याव्या लागतात. राजकुमारची गाडी कोणत्या प्रकारची? ते काही केल्या ठरेना. उत्तर लिहायला घेतलं की वाटायचं, आपण चुकीचं लिहू, ते केबिनमध्ये चिकटेल आणि पोरगा त्यावर विश्वास ठेवेल. मी कागद फाडून टाकायचो. राजकुमारलाच विचारायला हवं होतं, तेवढं धाडस झालं नाही.

परवा सकाळी वाचनालयात पेपर वाचून परत येताना शामच्या टायरच्या दुकानावरून जात होतो. तो आतून ओरडला, "या उकंडाकाका! तुमच्या दोस्ताच्या पोराची गाडी काल इथंच होती. चाकं मागं-पुढं फिरवून देल्ली. आज अंधारातच गेला, रुईच्या गाठी घेऊन हैदराबादले."

"आणि सेन्सर?" मी विचारलं.

"एक बी तुटलं नाही. बाकीचे लोक टायर काढताना लोखंडी पट्टी घुसवतात अन् तोडून ठेवतात. आपलं काम साफ असते."

"तसं नाही शाम. चाकं हलवली हे त्या पडद्याला सांगितलं का?"

शाम हसला. "पडद्याले कायले सांगा लागते? चाक गोल हाये काका, कुठंबी लावा, फिरतेच."

दुकानात बसलेले दोघे-तिघेही हसले. मला वाटलं, निघून जावं. मी ट्रकमध्ये कधी बसलेलोही नाही. पण मी आत शिरलो. "त्याला फोन लाव," मी म्हणालो.

शामने लावला. राजकुमारने उचलला नाही. परत लावला, तरी नाही.

"चालवत असन," शाम म्हणाला. "बसा. चहा सांगतो."

चहा आला, तो माझ्या हातातच निवला. अखेर राजकुमारचा फोन आला. मला कमी ऐकू येतं म्हणून शामने स्पीकर लावला.

"कोण, काका? तुम्ही अन् फोनवर? सगळं ठीक ना?"

"राजकुमार, तुझ्या पडद्यावर काही दिसतंय का?"

"इचारू नका! पांढरकवड्याच्या अलीकडं धाब्यावर थांबलो हाये, पडदा मघापासून बोंबलून राह्यला. मागच्या उजव्या जोडीतलं आतलं चाक. हवा कमी म्हणते. चांगलं वाकून वाकून पाह्यलं. टॉमीचा लोखंडी दांडा मारला त टणटण वाजते. सेन्सर गंडलं, दुसरं काय. पडद्यावर गमछा टाकून देल्ला."

म्हणजे गाडीने नव्या जागा आपोआप ओळखल्या नसाव्यात, पडदा जुनीच जागा सांगत असावा. "मागच्या उजव्या आतल्या जागेवर आधी जे चाक होतं, ते काल कुठे लावलं?"

शामचं हसू थांबलं. "पुढं. डावीकडं. म्याच लावलं."

"मग राजकुमार, ते पुढचं डावं पाहा. म्हणजे... माझं चुकतही असेल. पण पाहा."

"पुढचं चांगलं हाये काका. गाडी जराशी डावीकडं ओढते, पण तो रस्ताच तसा हाये."

"अबे, रस्त्याचं मले नको सांगू!" शाम फोनवर ओरडला. "टॉमी घे अन् मार पह्यले!"

केबिनचं दार आपटल्याचा आवाज आला. मग नुसता हायवेचा गोंगाट. मी विचार करत होतो, चाक चांगलं निघालं तर? शाम हे गावभर सांगेल. आणि खराब निघालं तर? ते तसंच घेऊन तो आणखी किती लांब गेला असता? यातलं काय घडावं असं मला वाटत होतं, ते धड सांगता येत नाही.

टॉमीचा एक आवाज ऐकू आला. टण. बहुधा दुसऱ्या बाजूचं चाक. मग बद्द.

पुन्हा बद्द.

"काका," राजकुमारचा आवाज एकदम लहान झाला होता. "खिळा हाये. चांगला बोटाएवढा. असाच निंगालो असतो त पुढं..."

शामने त्याला स्टेपनी लावायला सांगितलं. मग माझ्याकडे वळला. "दुसरा चहा सांगू? हा त पाणी झाला." या वेळी कोणी हसलं नाही.

घरी पोचतो तोच भावसिंगचा फोन. पोराने त्याला सगळं कळवलं होतं. "पत्र लिवलं त बाबू गप! पोरगं सडकेवर अडकलं तवा तुह्या तोंडातून निंगालं."

मी हो हो म्हणालो.

"आता नको लिवू. पोट्ट्याले समजलं."

पण त्याला समजलं नव्हतं. स्टेपनीत सेन्सर नव्हतं, हे शामनेच मला निघताना सांगितलं होतं. म्हणजे पुढच्या डाव्या चाकाबद्दल पडदा आता काहीच बोलणार नव्हता, आणि राजकुमार त्या गप्प पडद्यावर विसंबून परत येणार होता. एवढं फोनवर सांगायला गेलो, तर भावसिंग म्हणाला, "तुहं बोलनं मले कधी समजलं का? लिवूनच दे."

मी लिहायला बसलो. "उजवीकडचा बैल डावीकडे जुंपला, तरी बैल तोच राहतो. सेन्सरचंही तसंच, ते चाकाबरोबर जातं. पण तुमचा पडदा जुनी जागाच सांगतो. म्हणून चाकं हलवली की कोणतं चाक कुठे बसवलं, ते माहीतगाराकडून पडद्यात नव्याने भरून घ्या. ते होईपर्यंत पडद्याचा इशारा आला, तर सगळी चाकं वाजवून पाहा. इशारा आला नाही, तरी पुढचं डावं प्रत्येक थांब्यावर वाजवा. स्टेपनीची खबर पडद्याला नाही." खाली लिहिलं, "यात माझं काही चुकत असेल तर." ते वाक्य पुरं होईना. खोडलं.

राजकुमारला मी परत फोन केला, आणि हेच सगळं कागदावरून वाचून दाखवलं. तो "हो काका, हो काका" म्हणत राहिला. फोनवर हो हो करणाऱ्यावर किती भरवसा ठेवावा, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल.

म्हणून पाकीट चिकटवलं, भावसिंगचा पत्ता घातला आणि पोस्टात गेलो. पेटीच्या तोंडाशी हात थोडा वेळ थांबला. पाकीट उघडून एकदा परत वाचावं असं वाटलं. मागे एक बाई पत्र हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "टाका ना बाबाजी." मी टाकलं.