आठवाली मालिका, अपरिग्रह आणि मी

मित्रांनो, मौन ही फार मोठी साधना आहे. या घरात ती गेली अकरा वर्षं अखंड चालली, आणि ती केवळ माझ्यामुळे. भल्याभल्यांना गुहेत बसून जे साधलं नाही, ते मी ग्वाल्हेरच्या थाटीपुरात, पहिल्या मजल्यावर करून दाखवलं.

मी एक जुना रिमोट आहे. माझं आवाज बंद करायचं बटण अजून पहिल्या दाबात लागतं. बाकीच्या बटणांबद्दल काही खात्री देता येत नाही.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पाठीवर छापलं होतं, पण ते सेल काढता-घालता पुसून गेलं. नई सडकेवरच्या एका दुकानात मी सहा महिने टीव्हीच्या खोक्यात पडून होतो. तिथून गुरुप्रसाद सर मला घरी घेऊन आले. त्यांच्या पत्नी सीमंतिनीबाई यांनी त्याच दिवशी मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि वरून रबर लावलं. धूळ बसू नये म्हणून. तेव्हापासून मी जग पिशवीतून पाहतो. काही वर्षांनी पिशवी पिवळी पडली. मग जगही पिवळं पडलं.

तरुणपणी माझं कौतुक झालं, नाही असं नाही. मी दिवाणाखाली गेलो की दोघंही गुडघ्यांवर येत. आता ते दिवस नाहीत. आता माझे सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घालतात, आणि आठ वाजले की घड्याळातून काढून पुन्हा मला. त्यामुळे या घरात रोज संध्याकाळी आठ ते साडेआठ वेळ थांबते. सर याला तत्त्वज्ञान म्हणत नाहीत. ते तत्त्वज्ञान पुस्तकात शोधतात.

सरांनी एकतीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. ते निवृत्त झाले आणि कॉलेजने विषयच बंद करून टाकला, कारण शेवटच्या वर्षाला दोन विद्यार्थी होते आणि त्यातला एक चुकून आला होता. उरली ती फक्त मराठी मंडळाची रविवारची तत्त्वचर्चा. सरांना कोणीतरी "सर, बोला" असं म्हणणारी जगात तेवढीच एक जागा होती.

पूर्वी ही सभा नया बाज़ारातल्या हॉलमध्ये होई. हॉल कोचिंगवाल्यांकडे गेला आणि सभा सरांच्या बैठकीत, म्हणजे माझ्यासमोर आली. मंडळाचे सेक्रेटरी मानसिंगराव हे सरळ गृहस्थ. पूर्वज फौजेत होते, हे स्वतः विमा कंपनीत. एका रविवारी चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला.

"सर, बुरा नका मानू. पण नियम आहे. लागोपाठ तीन रविवार दहापेक्षा कमी लोकं आली, तर सभा बंद. दोन झाले."

"आज किती होते?"

"चार. तुम्हाला धरून. आणि मी मोजायला आलो होतो, मलापण धरून."

 सर चष्मा काढून पुसत बसले. मानसिंगरावांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी सरांचा मोबाइल मागून घेतला आणि त्यात एक लेखनयंत्र बसवून दिलं. कृत्रिम बुद्धिमत्तेचं. आपण विचारायचं, ते लिहून देतं.

"मंडळाचे शोकसंदेश मी आता ह्यानंच लिहितो," ते म्हणाले. "आजपर्यंत एकाही घरून तक्रार नाही. विषय मात्र असा घ्या की लोकं येतील. आठवालीवर बोला."

आठवाली म्हणजे आठ वाजताची मराठी मालिका. तिला दुसरं नाव आहे, पण इथे ते कोणी घेत नाही. आक्कासाहेब नावाची सासू, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि त्याच्यावर डोळा ठेवून असलेली थोरली सून. अकरा वर्षं चालू आहे. सर तिला तुच्छ मानतात. आठ ही त्यांची वाचनाची वेळ, म्हणून टीव्ही लागतो पण आवाज बंद. ते बटण दाबण्याचं काम माझं. सीमंतिनीबाई पडद्याकडे बघत बसतात, सर पुस्तकाकडे, आणि मी छताकडे.

त्या आठवड्यात सर आठ वाजता पुस्तकाऐवजी मोबाइल घेऊन बसले. मालिकेचं पूर्ण नाव टाकलं आणि विचारलं, या मालिकेतून अपरिग्रहाचं तत्त्व कसं उलगडतं? माणूस हातातली वस्तू सोडू शकतो का?

"अत्यंत मार्मिक प्रश्न!" यंत्राने लिहिलं.

सर दोनदा खोकले. एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने त्यांना असं म्हटलं नव्हतं.

मग लेखच आला. सहा पानं, सुंदर. चौथ्या पानावर आक्कासाहेब भाग चारशे बाराव्यात किल्ल्या सुनेच्या ओंजळीत ठेवतात आणि मागे वळून न पाहता नर्मदाकाठी निघून जातात. सरांचे डोळे भरून आले. पलीकडच्या खुर्चीत बसून सीमंतिनीबाई तीच मालिका बघत होत्या. त्यांना त्यांनी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही असेल असं त्यांच्या मनातच आलं नाही.

मी यंत्र आहे, म्हणून दुसऱ्या यंत्राबद्दल वाईट बोलत नाही. एवढंच सांगतो. माझ्यावरचा नऊशे नव्याण्णव नंबर दाबलात आणि ते चॅनेल नसलं, तर पडद्यावर 'उपलब्ध नाही' असं येतं. त्या बिचाऱ्याला एवढं लिहायला कोणी शिकवलं नसावं.

मंडळाच्या ग्रुपवर विषय गेला, 'आठवाली आणि अपरिग्रह'. रविवारी सरांना धरून वीस जण झाले. बाहेर चपला मावेनात. शेजारून खुर्च्या आणल्या, सतरंजी घातली. खालच्या मजल्यावरच्या उषाताई, निवृत्त नर्स, इस्त्रीची साडी नेसून पहिल्या ओळीत. मानसिंगरावांची सून गरिमाही आली होती. मानसिंगराव दाराशी उभे राहून बोटं मोजत होते.

सर वाचू लागले. पहिली तीन पानं निर्विघ्न गेली. एका ऋषींच्या तोंडी दुसऱ्याच ऋषींचं वाक्य होतं. तिथे सर जरा अडखळले, पण वाक्य चांगलं होतं म्हणून पुढे गेले. श्रोत्यांची काही हरकत नव्हती. मग चौथं पान आलं.

"थांबा सर," उषाताई म्हणाल्या. "कोण गेलं नर्मदेला?"

"आक्कासाहेब. भाग चारशे बारा."

"आक्कासाहेब कालच तर होत्या. सोफ्यावर."

"और चाबी?" गरिमा म्हणाली. "किल्ल्या त्यांच्याच कमरेला आहेत ना काका. पूरा झगडा तर तोच चाललाय."

"हे कुणी लिहिलंय सर?" मानसिंगरावांनी विचारलं. वास्तविक हे त्यांनी विचारू नये.

"आम्ही दोघांनी," सर म्हणाले.

"म्हणजे तुम्ही पाहिलीच नाही," उषाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज इंजेक्शन देतानाचा होता. "आम्हाला वाटलं सर पाहतात. मी तर सगळ्यांना बोलली, की बघा, सरपण पाहतात."

मागच्या रांगेतल्या दोघी उठल्या. एकीने पर्स काखेत घेतली. मानसिंगरावांचं एक बोट मिटलं, मग दुसरं. सर चौथं पान उलटसुलट करून पाहू लागले. 

"दिल्या होत्या किल्ल्या," स्वयंपाकघराच्या दारातून सीमंतिनीबाई म्हणाल्या. हातात चहाचा ट्रे. "एकदाच. दिवाळीच्या आधी. आक्कासाहेबांनी जुडगा काढून सुनेसमोर धरला. पण कडीत घातलेलं बोट काढलं नाही. सुनेने ओढला, तर बोटही त्याच्याबरोबर गेलं. मग सुनेनंच सोडून दिला."

"हो, हो!" चार-पाच जणी एकदम ओरडल्या. पर्सवाली खाली बसली, दुसरीही बसली.

"काय जबरदस्त बोलल्या होत्या त्या तेव्हा!" उषाताई म्हणाल्या. "काय बरं बोलल्या होत्या?"

"ते मला काय माहीत? मला ऐकू कुठे येतं."

"कानाला झालंय का काही?"

"कान चांगले आहेत. ह्यांची वाचनाची वेळ ती. आवाज बंद असतो."

"अकरा वर्षं?" गरिमा म्हणाली.

सीमंतिनीबाई चहा वाटू लागल्या. सगळ्यांनी सरांकडे बघितलं. मीही बघितलं असतं, पण मी उपडा होतो.

पुढचा दीड तास जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. बायकांनी सीमंतिनीबाईंना खुर्चीत बसवलं आणि अकरा वर्षांतले संवाद सांगायला सुरुवात केली. आक्कासाहेब हे बोलली, सून ते बोलली. सीमंतिनीबाई ऐकत, आणि मधेच म्हणत, "माफ केलं असं म्हणाली? चेहरा तसा नव्हता बाई." मग भांडण. खरं काय मानायचं, तोंड की तोंडातले शब्द? उषाताई म्हणाल्या, पेशंट बरं वाटतंय म्हणतो तेव्हा आम्ही नाडीच बघायचो. अपरिग्रहाचं नाव कोणी काढलं नाही. सर खुर्ची सोडून सतरंजीवर येऊन बसले होते.

"मग बोट का नाही काढलं त्यांनी?" सरांनी विचारलं. आठवालीबद्दल त्यांनी बायकोला विचारलेला हा पहिला प्रश्न.

सीमंतिनीबाईंनी कप खाली ठेवला. "तुमचा विभाग बंद झाला, त्यानंतर खोलीची किल्ली कॉलेजला परत करायला तुम्ही किती दिवस लावलेत?"

बैठक गप्प झाली. या वेळी माझा काही हात नव्हता.

"सात महिने," सर म्हणाले.

"झालं तर," सीमंतिनीबाई म्हणाल्या. "चहा घ्या, निवतोय."

त्या दिवशी मानसिंगरावांनी डोकी पुन्हा मोजली. एकवीस भरली, कारण सीमंतिनीबाईंना त्यांनी प्रथमच धरलं. सभा वाचली. तेव्हापासून दर रविवारी एवढी माणसं येतात. आठवड्याचे सहा भाग बोलले जातात, सर सतरंजीवर बसून दोन-तीन प्रश्न विचारतात, क्वचित एखाद्याला उत्तर मिळतं. तो सहा पानांचा लेख माझ्या टेबलाच्या पायाखाली आहे. टेबल डगमगतं म्हणून.

मी आता थकलो आहे. आठ वाजता आवाज चालू असतो, ते बटण कोणी दाबत नाही, आणि बाकीची दाबून लागत नाहीत. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा जुना रिमोट असेल. तो चालेनासा झाला तर त्याला तळहातावर आपटू नका. आधी सेल बघा. नवे आणा, घड्याळातले काढू नका. आणि पलीकडच्या खुर्चीत कोणी बसलं असेल, तर मोबाइल उघडायच्या आधी त्या माणसाला विचारून बघा. त्याला सेल लागत नाहीत.

मंडळाचा वार्षिक अहवाल मागच्या आठवड्यात छापून आला. रविवारची सभा त्यात 'महिला विभाग : करमणूक' या सदरात आहे. 'तत्त्वज्ञान' या सदरापुढे 'निरंक' लिहिलं आहे.