सुट्टीनंतरची तपासणी

“फुंका, फुंका, अजून फुंका... सोडू नका!” दवाखान्यातली तपासणीवाली बाई ओरडत होती. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि धाकटी जीव खाऊन फुंकत होती. डोळ्यांपुढे काजवे चमकले. खोकल्याची उबळ आली, तसा तिच्या केसांतला मैदा टेबलावर सांडला.

“कामावरून तशाच आलात?”

“तुम्हीच म्हणालात ना, अंगसुद्धा धुऊ नका.”

बेकरीत दोघी जावा मैदा चाळायला होत्या. थोरली तीन वर्षांपूर्वी वारली, तरी हिचं नाव धाकटीच राहिलं. बेकरी वर्षातून एकदा दहा दिवस बंद असे. ती उघडायच्या सकाळी, भट्टी पेटायच्या आत, बेकरीचा डॉक्टर हीच नळी घेऊन हजर. कामाचा खोळंबा नको ना! दहा दिवस मैद्यापासून लांब राहिलेल्या छात्या खणखणीत फुंकायच्या. सगळं नॉर्मल. मग उरलेलं वर्षभर धापा टाकल्या, की मॅनेजर म्हणायला मोकळा, “नाटकं पुरे.”

बाईंनी औषधाचा फवारा ओढायला दिला, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. आधी फुंकलेल्या हवेचा आकडा जेमतेम दीड लिटर होता, आता दोनच्या वर गेला.

“औषधानं छातीतल्या नळ्या मोकळ्या झाल्या. दमाच आहे हा. डॉक्टर लिहून देतील, मैद्यातलं काम बंद.”

“दरवर्षी मग रिपोर्ट नॉर्मल कसा यायचा?”

“विश्रांती घेतलेल्या छातीत काय सापडणार?”

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोरली पोत्यावर बसून अशीच घुसमटायची. आणि आपण? आपणही फणकारलो होतो, “ताई, उठा आता. तुमच्या वाट्याचंही मीच चाळायचं का?” मॅनेजरचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. बाकावर बसून ती रडली, आणि रिपोर्ट घेऊन तोंड न धुताच बेकरीत गेली.

मॅनेजरनं रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला. “बरं बाई, जिंकलीस. उद्यापासून पॅकिंगला जा.”

“जाईन. आधी थोरलीची फाइल काढा.”

“आता तिचं काय?”

“तिच्या फाइलीत तुम्ही ‘कामचुकार’ लिहिलंय. ते खोडा.”

“अगं, ती गेली! आता खोडून कुणाला फरक पडतो?”

“मला पडतो. मीही तिला तेच म्हणाले होते.”

तो हसायला गेला, पण तिचा चेहरा पाहून उठला. कपाटाच्या तळातून फाइल निघाली. त्यानं एक रेघ मारली.

“नीट खोडा. वाचता येतंय अजून.”

त्यानं पुन्हा पेन चालवलं. धाकटी तशीच उभी होती. तिला दम लागला होता, समोर खुर्ची रिकामी होती. शब्द पुरता दिसेनासा होईपर्यंत ती बसली नाही.